मित्राला ‘जा’ म्हणाल का?

मंडळाच्या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असं संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या नोकरीत खुर्चीत बसून वाचण्यापलीकडे काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा. तुम्ही नेमकं काय करत होता, ते आम्हाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही." हे खरं आहे. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी विचारलं की माझ्याआधी शरद, माझा नवरा, उत्तर द्यायचा, "सुधा सिनेमे न बघता त्यांना पास-नापास करते." सगळे हसायचे आणि विषय गाड्यांकडे वळायचा. आता ते उत्तर द्यायला शरद नाही. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

नागपूरला मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. शरदला अमेरिकेत सांता क्लाराला नोकरी लागली, त्याच्यामागून मी आले, आणि ग्रीन कार्ड येईपर्यंतची वर्षं लायब्ररीत काढली. कार्ड आलं ते २००१ साली, म्हणजे आजूबाजूच्या कंपन्या धडाधड बंद पडत होत्या तेव्हा. त्या पडझडीत तग धरून राहिलेली एक छोटी वेबसाइट होती. दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. खालून ड्रिलचा आवाज येत राहायचा. देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलेली सिनेमांची परीक्षणं ती वेबसाइट गोळा करायची आणि प्रत्येक परीक्षणापुढे एक ठिपका लावायची. समीक्षकाला सिनेमा आवडला असेल तर हिरवा, नसेल तर लाल. सिनेमाला जायचं की नाही एवढंच ज्याला बघायचंय, त्याने नुसते ठिपके बघावेत, अशी कल्पना.

ठिपका लावायचं काम माझं. बारा महिने हाफ पँटमध्ये वावरणारा आमचा मालक केव्हिन मला म्हणाला होता, "प्रोफेसर, कॉम्प्युटरला हे जमत नाही. त्याला टोमणा कळत नाही."

टोमणाच काय, कॉम्प्युटरला सभ्यपणाही कळत नाही, आणि परीक्षणात खरी अडचण सभ्यपणाची असते. समीक्षक आधी कॅमेऱ्याचं कौतुक करतो, मग नायिकेचं, मग संगीताचं, आणि मग ‘पण’ म्हणतो. त्या ‘पण’नंतर किती ओळी येतात ते बघायचं. एकच ओळ असेल तर बहुतेक हिरवा. दोन परिच्छेद असतील तर वरचं सगळं कौतुक म्हणजे दारातला नमस्कार होता, असं समजायचं. मी शेवटचा परिच्छेद आधी वाचायची आणि मग वरून सुरुवात करायची. विद्यार्थ्यांचे पेपर तपासायची पद्धत याच्या अगदी उलटी होती. ती सवय मोडायला मला वर्ष लागलं.

तरीही काही परीक्षणं कळायची नाहीत. अशा वेळी समीक्षकाला फोन करायचा, ही आमची रीत. केव्हिनने त्यासाठी एक प्रश्न ठरवून दिला होता आणि त्यात फेरफार करायची परवानगी नव्हती. सिनेमा चांगला आहे का, असं विचारायचं नाही. तसं विचारलं की समीक्षक पुन्हा सगळं परीक्षण तोंडी म्हणून दाखवतात. विचारायचं एवढंच, "मित्राला ‘जा’ म्हणाल का?" हो म्हणाले तर हिरवा, नाही म्हणाले तर लाल.

या प्रश्नाला लोक काय काय उत्तरं द्यायचे. एका बाईंनी विचारलं, "कुठला मित्र?" एक गृहस्थ म्हणाले की त्यांना मित्रच नाहीत, आणि ते त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी तो ठिपका दुसऱ्या दिवसावर ढकलला. एकाने मलाच झापलं, "मी बाराशे शब्द लिहिलेत आणि तुम्हाला एक अक्षर हवंय." त्याचं बरोबर होतं. जन्मभर शब्दांत रमलेल्या बाईने लोकांच्या शब्दांचे ठिपके करावेत, याचं मला अधूनमधून वाईट वाटायचं. पण समीक्षणं वाचायला मिळत होती. कुठल्या कुठल्या गावच्या पेपरात किती छान गद्य लिहिणारी माणसं असतात, हे मला तिथे बसून कळलं.

सुपरहिरोंचे सिनेमे येऊ लागले आणि या शांत कामात फॅन लोक शिरले.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे सिनेमे प्रचंड खर्चाचे. त्यांचे नायक मूळचे कॉमिक्समधले, आणि ती कॉमिक्स लहानपणापासून जपून ठेवलेली माणसं लाखांनी. सिनेमा यायच्या आधी दोन-तीन वर्षं ती त्याची वाट बघत असतात. आणि मग कुणी समीक्षक चार ओळींत त्याची वासलात लावतो. असा लाल ठिपका पडला की आमच्या मेलबॉक्समध्ये दंगल. समीक्षकांना पैसे चारलेत, असं कुणी लिहायचं. ‘तुम्ही शेवटचं कधी हसला होता?’ असं एकाने विचारलं होतं. टेक्ससचा एक गृहस्थ अत्यंत नम्र भाषेत दर आठवड्याला फेरमोजणीची मागणी करायचा. आणखी एकाने पोस्टाने खोकंभर कॉमिक्स पाठवली, ‘आधी ही वाचा, मग ठरवा.’ मी वाचली. काही खरोखर आवडली. तसं कळवून खोकं परत केलं. त्याचं उत्तर आलं, ‘तरीही लाल?’

मी लिहिलं, ‘लाल माझा नाही. मी फक्त वाचते.’ त्या सात वर्षांत हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलं असेल. त्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. घरीसुद्धा.

कारण घरी शरद होता.

शरद चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. बिघडून परत आलेल्या चिप सूक्ष्मदर्शकाखाली घालून त्या का बिघडल्या, ते शोधायचं त्याचं काम. वृत्तीने काटेकोर माणूस. मीठसुद्धा मोजून घालायचा. पण सुपरहिरो म्हटला की तो दहा वर्षांचा व्हायचा. लहानपणी सीताबर्डीच्या फुटपाथवर त्याला एक जुनं कॉमिक मिळालं होतं. कव्हर नव्हतं, शेवटची पानं फाटलेली. त्यातला नायक कोसळणाऱ्या गोष्टी हवेत थांबवू शकायचा. पूल, रेल्वेचे डबे, इमारती. त्या नायकाचं खरं नाव शरदला अमेरिकेत आल्यावर कळलं. तोपर्यंत तो त्याला ‘बुवा’ म्हणायचा, आणि आमच्याकडे शेवटपर्यंत तेच नाव चाललं. फाटलेल्या पानांवर काय झालं असेल ते वर्गातल्या मुलांना विचारून विचारून त्याने वेगवेगळे शेवट जमवले होते.

मी एकदा विचारलं होतं, "इतका हुशार माणूस तू, हे खोटं कसं बघवतं तुला?"

"दिवसभर काय बिघडलं तेच बघतो ना," तो म्हणाला. "संध्याकाळी कुणीतरी वाचलेलं बघू दे की."

बुवाचा पहिला सिनेमा २००४ मध्ये आला आणि समीक्षकांनी त्याची सालटी काढली. लालच लाल. त्या शनिवारी शरदच्या ऑफिसमधली तरुण मंडळी नेहमीसारखी पोह्यांना आमच्याकडे जमली. त्यांची म्होरकी गायत्री, नागपूरचीच, सॉफ्टवेअरमध्ये. आवाज असा की शेजारच्यांना मराठी येऊ लागेल.

"काकू, काय यार, एवढा लाल?" ती दारातूनच म्हणाली.

"लाल माझा नाही गं."

"हात तर तुमचाच ना. एक-दोन इकडचे तिकडे केले असते तर कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं."

"काका, तुम्ही सांगा ना यांना."

शरद पोह्यांवर लिंबू पिळत होता. "मी काय सांगणार. मला या घरात राहायचंय," तो म्हणाला. सगळे हसले. पण त्याचा चेहरा उतरला होता, कारण त्याने ठिपके आधी बघितले होते आणि मग सिनेमा. पूर्ण वेळ आपण त्या लोकांच्या नजरेने बघत बसलो, असं तो नंतर मला म्हणाला. त्या दिवशी आम्ही घरात नियम केला. शरदने सिनेमा बघेपर्यंत ऑफिसमधले ठिपके मी घरात आणायचे नाहीत. चेहऱ्यावरही दाखवायचे नाहीत. हा नियम मी काटेकोर पाळला. तसं मला न बोलणं जड जात नाही.

आता वॉल्टर.

वॉल्टर हा मध्य-पश्चिमेकडच्या एका लहान गावच्या दैनिकाचा समीक्षक. सत्तरी ओलांडलेला. त्याची परीक्षणं मी सगळ्यात आवडीने वाचायची आणि त्याच्याइतके फोन मला दुसऱ्या कुणालाही करावे लागले नाहीत. लिहायचा इतकं तोलून की रंग सापडायचाच नाही. विचारलं तर म्हणायचा, "बाईसाहेब, मी परिच्छेद वाचून दाखवतो, रंग तुम्हीच सांगा." मग खरोखर वाचायचा. शेवटी ठरलेला प्रश्न विचारल्यावर एक सुस्कारा टाकून उत्तर द्यायचा.

सुपरहिरोंच्या सिनेमांबद्दल त्याची एक कायमची तक्रार होती. इमारती पडतात, पण आतल्या माणसांचं काय झालं ते कुणी सांगत नाही. "इमारतीत कुणीतरी डबा खात बसलेलं असतं," तो म्हणायचा. गोंगाट वाढला की तो मनातल्या मनात त्या डबेवाल्या माणसाला शोधत बसायचा. या एका वाक्यापायी फॅन मंडळींनी त्याला नावं ठेवायची बाकी ठेवली नव्हती.

२००७ च्या शेवटी शरदला रक्ताचा कॅन्सर निघाला. केव्हिनने मला घरून काम करायची मुभा दिली. तेव्हा असं कुणी सहज देत नसे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून परीक्षणं वाचायची, आणि शरद बाहेर सोफ्यावर. एका दुपारी मी वॉल्टरसाठी निरोप ठेवला होता. त्याचा उलट फोन आला तो नेमका शरदने उचलला. मी औषधं घेऊन परत आले तर शरद फोनमध्ये सांगत होता, "अहो, पण आमचा माणूस इमारत पडूच देत नाही. तुमच्या डबेवाल्याला काहीसुद्धा होत नाही." पलीकडून वॉल्टर काहीतरी म्हणाला आणि शरद खो खो हसला. महिन्याभरात मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानंतर वॉल्टर फोन करायचा तो नावाला माझ्यासाठी. शरद फोन स्पीकरवर टाकायचा, कारण हातात धरून दमायला व्हायचं. आपण आजारी आहोत आणि घरी असतो, एवढंच त्याने वॉल्टरला सांगितलं होतं. याहून जास्त सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. "एक माणूस तरी माझ्याशी नीट भांडू दे," तो म्हणायचा.

२००८ च्या उन्हाळ्यात बुवाचा दुसरा सिनेमा येणार होता. त्याच सुमाराला शरदचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की एकदा भरती झाल्यावर कित्येक आठवडे खोलीबाहेर पाऊल नाही, आणि पुढचं आत्ता कुणीच सांगू शकत नाही. भरतीच्या आधीच्या आठवड्यात रक्तातल्या पेशी जरा वर येतील. तेव्हा एकदा बाहेर जाऊन या. गर्दी टाळा, मास्क लावा. एकदाच.

एकदाच म्हटल्यावर घरात दोन मतं झाली. मला वाटत होतं, हाफ मून बेला जावं, समुद्रापाशी बसावं. तसं मी बोलून दाखवलं.

"समुद्र कुठे जाणारे?" शरद म्हणाला. "बुवा दोन-तीन आठवड्यांत थिएटरमधून उतरेल."

"डीव्हीडी येईल ना."

"येईल," तो म्हणाला. मी समुद्राचा विषय तिथेच सोडला.

बुधवारी सकाळचा खेळ ठरला. त्या वेळी थिएटर रिकामं असतं. गायत्री आणि मंडळींनी जाहीर केलं की पहिल्या दिवशी कुणीही जाणार नाही. काकांबरोबरच बघणार, दूरच्या रांगेत बसून. कुठल्याही सुपरहिरोचा पहिला खेळ न चुकवणारी ही पोरं. मला भरून आलं, पण मी पोहे करायला आत गेले.

सिनेमा लागायच्या आदल्या आठवड्यात परीक्षणं यायला लागली. पहिलं हिरवं. दुसरं हिरवं. मग येतील ती सगळी हिरवी. इतक्या वर्षांत अशा सिनेमाला असं झालं नव्हतं. प्रत्येक ठिपका लावताना माझा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. एकच बाहेर जाणं, ते वाया जाणार नाही. चेहरा कोरा ठेवायचा म्हणून मी जेवताना ताटात बघत असे.

मग वॉल्टरचं परीक्षण आलं.

मी शेवटचा परिच्छेद आधी वाचला, मग वरून सगळं, मग पुन्हा शेवट. पहिल्या तासाबद्दल त्याने जे लिहिलं होतं ते कुठल्याही हिरव्या परीक्षणापेक्षा सुंदर होतं. ज्या माणसाला सगळं थांबवता येतं त्याला स्वतःचं म्हातारपण थांबवता येत नाही, हे किती हळुवारपणे दाखवलंय वगैरे. मग ‘पण’. शेवटचा तास नुसता गोंगाट आहे, इमारतींमागून इमारती, आणि आपण दोनदा घड्याळ बघितलं, असं. दोन बाजू अगदी समसमान. मी त्याला फोन लावला. शरद आत झोपला होता. मी मागच्या अंगणात जाऊन ठरलेला प्रश्न विचारला.

वॉल्टरने नेहमीचा सुस्कारा टाकला. "नाही," तो म्हणाला. "लाल करा."

मला त्याला सांगता आलं असतं की इथे एक माणूस एकुलती एक सकाळ या सिनेमासाठी खर्च करतोय. सांगितलं नाही. शरदची ताकीद होती, आणि प्रश्नाला काही जोडायचं नाही हा ऑफिसचा नियम होता. मी आत येऊन लाल ठिपका लावला. एवढ्या हिरव्यात तो एकटा लाल लांबून दिसत होता. मला समुद्र आठवला. अजून वेळ होता. शरदला म्हणता आलं असतं, विचार बदलू या. पण का, हे सांगता आलं नसतं.

तासाभरात मेलबॉक्स भरून वाहू लागला. वॉल्टरच्या दैनिकाच्या संपादकाला फोन गेले, त्याला काढून टाका म्हणून. संध्याकाळी गायत्री मास्क लावून दारात उभी राहिली. आत पाऊल न टाकता तिथूनच ती बोलायला लागली, "काकू, तुमच्या त्या म्हाताऱ्याने वाट लावली. शंभर टक्के हिरवे होते, शंभर! त्या वॉल्टरला कुणी सांगितलं होतं रेड द्यायला?"

सोफ्यावर शरद उठून बसला होता.

गायत्रीच्या ते लक्षात आलं आणि तिने मास्कवर हात ठेवला. "सॉरी काका. मला वाटलं तुम्ही झोपलाय."

"तू सिनेमा बघितलास का?" शरदने विचारलं.

"नाही. तुमच्यासाठी थांबलोय ना आम्ही."

"मग वॉल्टर चुकला हे तुला कसं कळलं?"

"बघायला कशाला पाहिजे," गायत्री म्हणाली. "बुवा आहे तो."

शरद हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी नजर खाली घेतली. त्याला कळलं. "फोन दे," तो म्हणाला.

गायत्री दारात तशीच उभी राहिली. मी नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला. ते दोघं इंग्रजीतच बोलत होते, पण मला ते मराठीतच आठवतं.

"वॉल्टर, मी शरद. ऐकलं की तू बुवाला लाल दिलास."

"दिला," वॉल्टर म्हणाला. "सकाळपासून संपूर्ण देश मला ते सांगतोय. तूही सांग."

"मी भांडायला फोन केला नाही. मला हॉस्पिटलात जायचंय. जायच्या आधी एकदाच बाहेर पडता येणार आहे. बायको म्हणते समुद्रावर जाऊ. मी म्हणतो बुवा. तू बघून आलायस. मी जाऊ का?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुझ्या बायकोने मला हाच प्रश्न विचारला होता," वॉल्टर सावकाश म्हणाला. "ती नेहमी विचारते. मी नेहमी कुठल्या तरी मित्राचा विचार करून उत्तर देतो. तो कसा दिसतो हेसुद्धा मला माहीत नाही." "जा, शरद. पहिला तास तुझ्यासाठीच बनवलाय. नंतर कंटाळा आला तर उठून ये."

"मग आता हिरवा करणार?"

"नाही. रंग ज्यांना मी ओळखत नाही त्यांच्यासाठी आहे."

आता शरद हसला. मोठ्याने. "बरं झालं," तो म्हणाला. "बदलला असतास तर मी गेलो नसतो."

दारातून गायत्री हळूच म्हणाली, "काकू, याला तुम्ही म्हातारा का म्हणू दिलंत मला?" मी म्हटलं, म्हातारा आहेच तो. फोनमधून वॉल्टरने विचारलं की मागे कोण कुजबुजतंय. शरद म्हणाला, "तुला सकाळपासून मेल करणाऱ्यांपैकी एक."

बुधवारी पेशी जेमतेम वर आल्या होत्या. थिएटरमध्ये आमच्याशिवाय लांब एक जोडपं होतं. मुलं आमच्यापासून खूप मागे, चक्क गप्प. शरद मास्क लावून मधल्या खुर्चीत बसला. मी सिनेमा कमी बघितला, त्याच्याकडे जास्त. पहिला तासभर तो पुढे झुकून बसला होता, गुडघ्यांवर कोपरं ठेवून. बुवा म्हातारा होतो आणि आरशासमोर उभा राहून हात वर करतो, काहीच थांबत नाही, असा एक प्रसंग आहे. तेव्हा शरदने माझा हात धरला आणि तो प्रसंग संपल्यावरच सोडला.

मग गोंगाट सुरू झाला. आणि इमारती पडायला लागल्यावर थोड्याच वेळात शरदची मान कलली.

मी घाबरले. श्वास बघितला. नीट चालू होता. तो झोपला होता, गाढ, तोंड थोडं उघडं ठेवून. मी त्याच्या खांद्याकडे हात नेला. एकच सकाळ, आणि ती झोपेत चालली होती. किती वर्षं वाट बघितली होती त्याने या शेवटाची. उठवलं नाही तर मला विचारेल की का नाही उठवलंस. पडद्यावर पूल कोसळत होता, खुर्च्या हादरत होत्या, आणि शरदच्या कपाळावरची आठी, जी त्या हिवाळ्यापासून झोपेतसुद्धा जात नसे, ती गेली होती. मी हात मागे घेतला.

दिवे लागल्यावर तो जागा झाला. पडद्यावर नावं सरकत होती. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"झोपलो?"

"हो."

"कुठून?"

"पहिला टॉवर पडला तिथून."

मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने विचारलंच नाही. तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "काय मस्त झोप लागली गं."

शेवटचा तास त्याला पार्किंग लॉटमध्ये कळला. तो गाडीत खिडकीची काच अर्धी खाली करून बसला आणि गायत्रीने लांब उभं राहून सगळा शेवट करून दाखवला. हात पसरून पूल धरला, शॉपिंग कार्टला रेल्वेचा डबा केलं, मागची पोरं जमावासारखी ओरडली. एक जण मध्येच म्हणाला, "असं नव्हतं, आधी डबा, मग पूल," आणि त्यावरून त्यांचं जुंपलं. शरद गालावर हात ठेवून ऐकत होता. फाटलेल्या पानांवर काय झालं ते वर्गातल्या मुलांकडून तो असाच ऐकत असेल.

"आणि त्या इमारतीतली माणसं?" त्याने विचारलं.

गायत्रीने आठवून बघितलं. "दाखवलं नाही, काका," ती म्हणाली. मग लगेच, "वाचली असणार. बुवा आहे."

रस्त्याला लागल्यावर शरद म्हणाला, "झोप झाली. आता समुद्र दाखव." डॉक्टरीणबाईंनी एकदाच म्हटलं होतं. मी म्हटलं तसं. "घरी कुठे गेलोय अजून? हे तेच एकदा चाललंय," तो म्हणाला. मी गाडी हाफ मून बेकडे वळवली. आम्ही काचा लावून गाडीतच बसलो, समोर करडं पाणी आणि धुकं. तिथूनच त्याने वॉल्टरला फोन केला आणि सांगितलं की तुझा लाल भाग मी झोपून काढला. वॉल्टर म्हणाला, "म्हणजे तू माझ्यापेक्षा चांगला सिनेमा बघितलास."

ट्रान्सप्लांटनंतर शरद घरी आला, दिवाळीचे दिवे त्याने बघितले, आणि डिसेंबरात गेला. वॉल्टरला त्या दैनिकाने काढलं नाही. फॅन मंडळी पुढच्या सिनेमाकडे वळली. पुढे त्याने स्वतःहूनच लिहिणं थांबवलं. मला अजून त्याचा फोन येतो, आणि रंगाचा विषय निघत नाही. आमची वेबसाइट एका मोठ्या कंपनीने घेतली आणि मी निरोप घेतला. तिथल्या प्रेक्षकांच्या रकान्यात कुणालाही ठिपका लावता येतो. मी कधी लावला नाही.

तो सिनेमा आता टीव्हीवर सारखा लागतो. मंडळातली नवी मुलं विचारतात, काकू, तुम्ही त्या साइटवर होता ना, बघण्यासारखा आहे का? टीव्हीवरचा असला तरी मी ‘जा’च म्हणते. फक्त एक सांगते. इमारती पडायला लागल्यावर शेजारच्याला झोप लागली, तर त्याला उठवू नका.